ई-एमटीबी घेताना ब्रँड सगळ्यात शेवटी: पुण्यातल्या चढांसाठी खरेदीचा क्रम

इलेक्ट्रिक माउंटन बाइक घ्यायला निघालेले बहुतेक जण सुरुवात नावापासून करतात. मनात दोन-तीन ब्रँड असतात, मग किंमत बघितली जाते, मग कंपनीने छापलेली रेंज. सायकल घरी येते आणि पहिल्याच रविवारी बोपदेव घाटात कळतं, की सगळ्यात हलका गिअरही जड पडतोय, मोटर तापून दम तोडतेय आणि बॅटरीची एकच कांडी उरलीय. नामांकित ब्रँड घेणारेही यात अडकतात आणि अनोळखी ब्रँड घेणारेही, कारण दोघांचा क्रम उलटा असतो.

बरोबर क्रम असा: आधी वाट, मग मोटर आणि सेन्सर, मग बॅटरी, मग ब्रेक-गिअर-शॉकअप. एवढं ठरल्यावर ब्रँडचा प्रश्न आपोआप लहान होतो. तीन वर्षांनी याचे भाग पुण्यात कोण देणार, एवढाच तो उरतो.

टप्पा १: वाट आणि वजन कागदावर लिहा

दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी लिहून काढा.

पहिली, महिन्यातल्या बहुतेक फेऱ्या कुठे होणार. पुण्यात साधारण तीन प्रकार पडतात. डांबरी घाट, म्हणजे सिंहगड, बोपदेव, कात्रजचा जुना घाट. खराब रस्ते आणि मुरुमाच्या वाटा, म्हणजे पानशेत-मुळशीकडची गावं आणि धरणाकाठ. आणि तिसरा, वेताळ टेकडीसारख्या सुट्या दगडांच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या अरुंद वाटा. पहिल्या दोन प्रकारांना साधी हब मोटरची, म्हणजे मागच्या चाकात मोटर असलेली सायकल पुरू शकते. तिसऱ्याला पुरत नाही, मग तिच्यावर कितीही मोठ्या अक्षरांत ‘माउंटन’ लिहिलेलं असो.

दुसरी, एकूण वजन. तुमचं, सायकलचं आणि पाणी-अवजारांचं मिळून. ७५ किलोचा माणूस, २५ किलोची सायकल, ५ किलो सामान असे १०५ किलो धरा. सायकलच्या पुस्तिकेत कमाल भार दिलेला असतो. त्यात स्वार आणि सामान मोजलंय की सायकलही, हे वाचून घ्या.

तिसरी, एका फेरीत एकूण किती मीटर चढ आहे. किलोमीटरपेक्षा हा आकडा महत्त्वाचा, कारण बॅटरी खातो तो चढ.

टेकड्यांचा बराच भाग वनखात्याकडे आहे. तिथे मोटर लावलेल्या सायकलला कुठे आणि कधी मुभा आहे, हे पैसे भरण्याआधी विचारा. आणि सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते त्या वाटा अशा सायकलसाठी नाहीतच.

टप्पा २: मोटर आणि सेन्सर ठरवा

आधी कायदा, कारण इथे दुकानदारही गोंधळ घालतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मोटरची ३० मिनिटांची शक्ती २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती ‘मोटार वाहन’ ठरत नाही. नोंदणी, विमा, परवाना लागत नाही. पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक मात्र हवा.

> सावधान: ‘डिस्प्लेच्या सेटिंगमधून वेग ३५-४० पर्यंत खोलून देतो’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. त्या क्षणी तुमची सायकल बिननोंदणीचं, बिनविम्याचं मोटार वाहन होते. अपघातात समोरच्याला लागलं तर भरपाई तुमच्या खिशातून जाईल, आणि वॉरंटीही तिथेच संपते.

आता हब की मिड-ड्राइव्ह. हब मोटर मागच्या चाकात असते, मिड-ड्राइव्ह पायडलच्या धुरीशी. दोन्हींवर ‘२५० वॅट’ लिहिलेलं असतं, म्हणून त्या सारख्याच, असं समजणं ही सर्रास होणारी चूक.

फरक न्यूटन मीटरमध्ये, म्हणजे फिरवण्याच्या जोरात आहे. १०५ किलोचा ऐवज १५ टक्के चढावर ओढायला २९ इंची चाकाला साधारण ६० न्यूटन मीटर जोर लागतो. चांगली हब मोटर ४० च्या आसपास देते आणि तो जोर थेट चाकाला मिळतो. गिअर बदलून तो वाढत नाही. बॉश परफॉर्मन्स लाइन सीएक्स किंवा शिमानो ईपी८ या मिड-ड्राइव्ह मोटरी ८५ देतात, तेही क्रँकवर, म्हणजे पायडलच्या धुरीवर. पुढे ३२ दात आणि मागे ४६ दात असतील तर चाकापर्यंत तो जोर १२० च्या घरात जातो. म्हणजे ‘४० विरुद्ध ८५’ ही तुलनाच फसवी. तीव्र चढावर खरा फरक तिप्पट पडतो.

हब मोटरची दुसरी अडचण उष्णता. वेग ताशी ८ किलोमीटरच्या खाली गेला की ती बॅटरीतली बरीच ऊर्जा सायकल ओढण्याऐवजी तापण्यात घालवते. आतले नायलॉनचे गिअर मऊ पडून झिजतात, कधी दात सुटतात, किंवा कंट्रोलर (मोटरला वीज पुरवणारं सर्किट) स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडतो. म्हणून हबवाल्यांसाठी नियम साधा: घाटात वेग १०-१२ च्या खाली जाऊ देऊ नका, गेलाच तर असिस्ट (मोटरची मदत) कमी करून पायांनी काढा, आणि वर पोचल्यावर दहा मिनिटं थांबा.

मिड-ड्राइव्हची किंमत चेन आणि कॅसेट (मागच्या गिअरच्या चकत्या) मोजतात. मोटरचा सगळा जोर चेनमधून जातो, त्यामुळे जोर चालू असताना गिअर बदलला की कडाड आवाज येतो आणि दात झिजतात. अर्धं पायडल हलकं सोडून मग गिअर बदलायची सवय लागते.

सेन्सरबद्दल दुकानात कोणी आपणहून बोलत नाही, आणि टेकडीवर तोच सगळ्यात जास्त जाणवतो. केडन्स सेन्सर फक्त पायडल फिरतंय का एवढंच बघतो. फिरलं की ठरलेला जोर, थांबलं की थोड्या वेळाने बंद. दगडांत अर्धं पायडल मारून तोल सावरायचा असतो तेव्हा मोटर उशिरा येते किंवा नको तेव्हा ढकलते. टॉर्क सेन्सर तुम्ही किती जोर लावलाय ते मोजून त्या प्रमाणात मदत करतो. डांबरी घाटाला केडन्स चालेल. वाट दगडांची असेल तर टॉर्क सेन्सरवर तडजोड करू नका.

तपासणी: सपाट मोकळ्या जागेत सगळ्यात हलका गिअर टाका, असिस्ट सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवा आणि अजिबात जोर न लावता नुसते पाय फिरवा. मोटर एकदम पुढे ढकलायला लागली तर केडन्स सेन्सर आहे. जवळजवळ काहीच झालं नाही आणि पाय दाबल्यावर मदत वाढली, तर टॉर्क सेन्सर. माहितीपत्रकात काहीही छापलेलं असो, ही तपासणी खोटं बोलत नाही.

आणि ‘पीक ७५० वॅट’ असे आकडे बाजूला ठेवा. ते काही सेकंदांपुरते असतात.

टप्पा ३: बॅटरी ॲम्पिअर-तासांत नको, वॅट-तासांत मोजा

व्होल्टला ॲम्पिअर-तासांनी गुणा. ३६ व्होल्ट, ७.८ ॲम्पिअर-तास म्हणजे सुमारे २८० वॅट-तास. ३६ आणि १०.४ म्हणजे ३७४. मिड-ड्राइव्हच्या सायकलींना ५०० ते ७५० वॅट-तासांची बॅटरी असते. हा एक आकडा सोडला तर रेंजबद्दल छापलेलं काहीही तुलनेला उपयोगाचं नाही.

मग स्वतःच्या फेरीचा हिशोब करा. १०० किलो वजन १०० मीटर वर न्यायला २७ वॅट-तास लागतात, हे भौतिकशास्त्र आहे. कुठलाच ब्रँड ते बदलू शकत नाही. सिंहगडाचं उदाहरण घेऊ. डोणज्याकडून गाडीरस्त्याने सुमारे ६०० मीटर चढ. १०५ किलोला त्याचे १७० वॅट-तास, टायरचं घर्षण वगैरे धरून २००. तुम्ही पाऊण तास १०० वॅटने पायडल मारत राहिलात तर ७५ तुमचे. उरलेले १२५ मोटरने द्यायचे, आणि चढावर ती ७० टक्के कार्यक्षमतेने चालली तर बॅटरीतून साधारण १८० जातील.

आता शहरातून डोणज्यापर्यंतचे २० किलोमीटर. सपाटीवर असिस्ट चालू ठेवलं तर किलोमीटरला ६ वॅट-तास धरा, म्हणजे जाताना १२० आणि येताना १२०. एकूण ४२० झाले. उतारावर काही खर्च नाही, पण परतही काही मिळत नाही; या सायकली ब्रेक लावल्यावर चार्ज होत नाहीत.

म्हणजे २८० वॅट-तासांची बॅटरी घेऊन निघालात तर ती गडावर पोचण्याच्या थोडं आधीच संपेल; डोणज्याहून परतीचे २० किलोमीटर २५ किलोची सायकल पायांनी ओढायची तयारी ठेवा. ३७४ ची बॅटरी पुरेल, पण सपाटीवर असिस्ट जवळजवळ बंद ठेवून. निवांतपणे करायचं असेल तर ५०० च्या वरची हवी, कारण २० टक्के हातचे राखायचे असतात आणि काही वर्षांत क्षमता कमी होतेच.

बॅटरीबद्दल दुकानात विचारायच्या गोष्टी:

– सेल कोणत्या कंपनीचे? एलजी, सॅमसंग, पॅनासॉनिक किंवा दुसऱ्या एखाद्या नावाचं उत्तर मिळायला हवं. ‘ए ग्रेड सेल’ हे उत्तर नव्हे.
– लेबलवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंद आणि आयएस १६०४६ हा क्रमांक आहे का?
– निर्मितीचा महिना कोणता? वर्षभर गोदामात रिकामी पडलेली बॅटरी नवीन असूनही म्हातारी असते.
– बदली बॅटरीची आजची किंमत किती, आणि ती शेल्फवर आहे का? हे लेखी घ्या.
– बॅटरी काढता येते का? तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि पार्किंगमध्ये प्लग नसलेल्या माणसाला फ्रेममध्ये कायमची बसवलेली बॅटरी म्हणजे रोजची शिक्षा.

तपासणी: बॅटरी काढून काट्यावर ठेवा. ३६ व्होल्ट, १०.४ ॲम्पिअर-तासांत साधारण ४० सेल असतात. सेलच दोन किलोच्या जवळ जातात, वर खोकं आणि सर्किट. त्यामुळे २.२ ते ३ किलो वजन रास्त. ‘१४ ॲम्पिअर-तास’ लिहिलेली बॅटरी पावणेदोन किलो भरली तर आकडा छापील आहे, आत सेल नाहीत.

टप्पा ४: ब्रेक, गिअर, शॉकअप, चाकं

*ब्रेक.* इथे पैसे वाचवू नका. १०५ किलो घेऊन सिंहगडाचा उतार उतरताना केबलवर चालणारे १६० मिलिमीटरचे डिस्क ब्रेक अर्ध्या वाटेत तापतात, पॅड चकाकतात (गुळगुळीत होऊन पकड सोडतात) आणि लीव्हर हँडलला टेकते. हायड्रॉलिक ब्रेक, निदान पुढे १८० मिलिमीटरची डिस्क ही किमान अट. खऱ्या ट्रेलसाठी चार पिस्टनचे कॅलिपर आणि २०३ ची डिस्क. केडन्स सेन्सर असेल तर लीव्हर दाबताच मोटर तोडणारा स्विच दोन्ही ब्रेकना हवा. डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असा शिक्का असेल तर पुढे मेटल पॅड कधीही टाकू नका; मऊ पोलादाची ती डिस्क लवकर खाल्ली जाते.

*गिअर.* स्वस्त ई-एमटीबीत पुढे ४२ दात आणि मागे १४-२८ चं सात गिअरचं फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) असतं. २९ इंची चाकावर सगळ्यात हलक्या गिअरमध्ये मिनिटाला ६० फेरे मारायचे तर वेग ताशी १२ लागतो. १५ टक्के चढावर तेवढा वेग राहत नाही, पाय अडखळतात, मोटर तापते. मागे ३४ दातांचं मेगारेंज फ्रीव्हील असेल तर हाच आकडा १० वर येतो. ३२ पुढे आणि ४६ मागे असेल तर ताशी पावणेसहावरही पाय सुरळीत फिरतात. म्हणून गिअर किती आहेत हे विचारू नका. दात मोजा: पुढचे किती, मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे किती. पुढच्यांना मागच्यांनी भागून उत्तर १ च्या खाली आलं तर ती चढाची सायकल.

*शॉकअप.* पुढचा चिमटा (चाक धरणारा फोर्क) १०० ते १२० मिलिमीटर चालणारा, हवेचा आणि रिबाउंड, म्हणजे दबल्यावर परत उसळण्याचा वेग, कमीजास्त करता येणारा असेल तर उत्तम. स्प्रिंगचा साधा शॉकअप डांबर-मुरुमाला चालतो. मागेही शॉक असलेली सायकल ५०-६० हजारांत मिळत असेल तर ती घेऊ नका. त्या किमतीत मागचा शॉक म्हणजे एक स्प्रिंग, चार स्वस्त बुश आणि दोन किलो जादा वजन. सहा महिन्यांत सांधे खडखडतात. तेवढेच पैसे पुढचा चिमटा आणि ब्रेक यांत गेलेले बरे.

*फ्रेम.* पुस्तिकेत किंवा फ्रेमवरच्या स्टिकरवर १ ते ५ यांपैकी वापराचा वर्ग दिलेला असतो. १ म्हणजे पक्का रस्ता, २ मध्ये कच्चे रस्ते आणि १५ सेंटीमीटरपर्यंतच्या उड्या, ३ मध्ये ६० सेंटीमीटरपर्यंत, ४ आणि ५ त्याहून दणकट. माउंटन बाइक म्हणून विकली जाणारी सायकल वर्ग २ ची निघाली, तर तिची फ्रेम तडकल्यावर कंपनी ‘गैरवापर’ म्हणणार आणि कागदावर ती बरोबर असणार.

*चाकं.* हब मोटरच्या मागच्या चाकात स्पोक आखूड आणि तिरके बसतात, म्हणून तुटतात. १२ किंवा १३ गेजचे असावेत. एक्सलच्या दोन्ही बाजूंना टॉर्क वॉशर किंवा टॉर्क आर्म आहे का बघा. नसेल तर एक्सल फिरून वायर पिळली जाते. टायर २.२५ ते २.४ इंच पुरेत. चार इंची फॅट टायर वाळूसाठी आहेत. पुण्याच्या मुरुमावर ते फक्त वजन आणि बॅटरीचा खर्च वाढवतात, आणि पावसाळ्यात काळी माती घेऊन फ्रेममध्ये अडकतात.

टप्पा ५: आता ब्रँड

वरचे आकडे लिहिलेला कागद हातात असेल तर कुठल्याही ब्रँडशी सरळ बोलता येतं.

ट्रेक, जायंट, स्पेशलाइज्ड, स्कॉट, मेरिडा यांसारख्या जागतिक ब्रँडच्या मिड-ड्राइव्ह सायकली काही लाखांत जातात. तिथे पैसा फ्रेमची भूमिती, चिमटा, ब्रेक आणि मोटरच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो आणि टेकडीवर तो प्रत्येक वळणावर जाणवतो. पण या सायकली बंदिस्त असतात. बॉशच्या मोटरवर बॉशचीच बॅटरी चालते, डिस्प्लेवर एरर आला तर कंपनीचं निदान सॉफ्टवेअर आणि केबल लागते, आणि मोटर आतून बिघडली तर सहसा अख्खी बदलतात. म्हणून विचारा: निदानाची केबल याच दुकानात आहे का, की सायकल दुसऱ्या शहरात जाते? मोटर बदलायची वेळ आली तर ती देशात असते की बाहेरून मागवता? किती दिवस लागतात? या प्रश्नांना पुण्यातल्या डीलरने ठाम उत्तर दिलं नाही तर लाखाची सायकल दोन-तीन महिने भिंतीला टेकून राहू शकते.

हीरो लेक्ट्रो किंवा पुण्याचीच ईमोटोराड असे देशी, माहीत झालेले ब्रँड बहुतांशी हब मोटरवर आहेत. त्यांचा फायदा सुटे भाग आणि जवळचं सर्व्हिस सेंटर. डांबरी घाट आणि कच्च्या रस्त्यांसाठी आमचा कौल इकडेच. मात्र एकाच ब्रँडमध्ये शहरी सायकल आणि दणकट सायकल दोन्ही असतात, तेव्हा नावावर न जाता मॉडेलगणिक टप्पा २ ते ४ चे आकडे तपासा.

अनोळखी ब्रँड म्हणजे वाईट असं मुळीच नाही. यातल्या बऱ्याच सायकली चीनमधल्या कारखान्याची तयार फ्रेम आणि बाजारातले भाग जोडून बनतात. नेमका इथेच त्यांचा गुण असू शकतो: मोटर बाफांगसारख्या ओळखीच्या कंपनीची, जोडण्या गोल वॉटरप्रूफ कनेक्टरच्या, कंट्रोलर वेगळा काढता येणारा, बॅटरीचं खोकं सर्रास मिळणारं. अशी सायकल ब्रँड बुडाला तरी दुरुस्त होते. उलट मोटरवर कोणाचंच नाव नाही, कंट्रोलर फ्रेममध्ये चिकटवलेला, बॅटरीचं कुलूप आणि आकार जगावेगळा, अशी सायकल ब्रँडसोबतच संपते.

अनोळखी ब्रँडला पाच प्रश्न:

१. मोटर, कंट्रोलर, डिस्प्ले यांच्यावर निर्मात्याचं नाव आणि मॉडेल आहे का? फोटो काढून घ्या.
२. पुण्यात दुरुस्ती कोण करतो? पत्ता हवा, फोन नंबर नको.
३. वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान आणि कच्च्या वाटेवरचा वापर वगळलाय का? पावसात चालवता येणार नाही अशी माउंटन बाइक पुण्यात चार महिने निरुपयोगी.
४. गिअर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारी पट्टी) वेगळा विकत मिळतो का? पहिल्या पडझडीत तोच वाकतो, आणि प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. दोन जादा घेऊन ठेवा.
५. बॅटरीच्या वॉरंटीत किती टक्के क्षमता उरण्याची हमी आहे? ‘चालू राहील’ एवढीच हमी असेल तर ती हमी नाही.

> सावधान: परदेशी संकेतस्थळावरून सायकल मागवताना बॅटरीचा प्रश्न येतो. लिथियम बॅटरी धोकादायक माल म्हणून पाठवावी लागते, त्यामुळे ती बरेचदा अडते किंवा येतच नाही, वर जकात. याच कारणाने लडाखला विमानाने जाताना बॅटरी सोबत नेता येत नाही. १६० वॅट-तासांवरची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. बजेट ६० हजारांच्या आत असेल आणि ओढ मात्र टेकडीवरच्या दगडी वाटांची असेल, तर त्या पैशांत मोटर नसलेली, चांगल्या ब्रेकची, हवेच्या चिमट्याची साधी माउंटन बाइक घ्या. ती १४ किलोची असेल, खांद्यावर उचलता येईल, आणि तुम्हाला खरंच वाटा शिकवेल. त्या किमतीतली ई-एमटीबी त्या वाटांवर धोक्याची आहे.

टप्पा ६: चाचणी चढावरच घ्या

दुकानासमोरच्या गल्लीतली फेरी काही सांगत नाही. भाड्याने किंवा डेमोवर अर्धा दिवस मिळाली तर बोपदेव घाट गाठा. नाहीतर दुकानाजवळचा जो काही तीव्र चढ असेल तो, उदाहरणार्थ एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडे जाणारा रस्ता. सोबत रोजची पाठपिशवी, नेहमीइतकीच भरलेली.

चढाच्या मध्यावर थांबा आणि तिथूनच पुन्हा निघा. निघता आलं नाही तर गिअर किंवा मोटर, दोन्हींपैकी एक कमी पडतंय. पाच मिनिटं सलग चढून हबला हात लावा. हात ठेवता येत नसेल तर तुमच्या वजनाला ती मोटर लहान आहे. असिस्ट पूर्ण बंद करून अर्धा किलोमीटर चालवा, कारण कधीतरी तसंच घरी यावं लागणार. उतारावर ताशी २५ च्या पुढे गेल्यावर मोटर हळूच सुटते की झटका देते, ते बघा. शेवटी दोन पायांत फ्रेम घेऊन उभे राहा. वरचा दांडा आणि शरीर यांत निदान पाच सेंटीमीटर अंतर हवं. दगडांत पाय टेकायला लागतो तेव्हा हे पाच सेंटीमीटर आठवतात. साइज मधली असेल, तर ‘सीट वर-खाली करून देतो’ यावर भागवू नका. सीटमुळे हँडलपर्यंतचं अंतर बदलत नाही.

टप्पा ७: ताबा घेताना

इथे घाई होते, कारण सगळे खुशीत असतात. अर्धा तास मागून घ्या.

– मल्टिमीटरने पूर्ण चार्ज बॅटरी मोजा. ३६ व्होल्टची ४१.५ ते ४२, ४८ व्होल्टची साधारण ५४.६. न चार्ज केलेली ३६ व्होल्टची बॅटरी ३० च्या खाली दिसली तर ती बदलून मागा.
– चाक उचलून फिरवा. रिम डावी-उजवीकडे हलत असेल तर चाक आउट आहे, तिथेच सरळ करून घ्या.
– पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे ढकला. हँडलखाली टकटक झाली तर हेडसेट (हँडलचं बेअरिंग) सैल आहे.
– हब मोटरचे एक्सल नट पान्याने तपासा. कंपनीचा आकडा नसेल तर ४० न्यूटन मीटरच्या आसपास. स्टेमचे बोल्ट ५ ते ६.
– मोटरची वायर एक्सलमधून बाहेर पडते तिथे खाली एक झोळ असावा, म्हणजे पाणी आत न जाता झोळातून गळून पडतं.
– बिलावर फ्रेम, मोटर आणि बॅटरी या तिन्हींचे क्रमांक लिहून घ्या. बॅटरीचा क्रमांक नसेल तर दावा करताना अडचण येते.

घरी आल्यावर प्लगमध्ये बसणारा वीजमापक वापरून एकदा पूर्ण रिकामी बॅटरी पूर्ण भरा. चार्जरमध्ये काही वीज वाया जाते, म्हणून ३७४ वॅट-तासांच्या बॅटरीला भिंतीतून ४२० ते ४५० लागले पाहिजेत. मीटरवर ३०० च आले तर लेबल खोटं आहे आणि तुमच्याकडे पुरावा आहे. हे पहिल्या आठवड्यातच करा. परत देण्याची मुदत संपल्यावर या पुराव्याला किंमत नाही.

टप्पा ८: पहिले १०० किलोमीटर आणि पहिला पावसाळा

नवे ब्रेक पॅड बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी २० पर्यंत जा, चाक न अडकवता चालण्याच्या वेगापर्यंत आणा, आणि असं वीसएक वेळा करा. न करता थेट घाट उतरलात तर पॅड चकाकतात आणि कायम किंचाळतात. १०० किलोमीटर झाल्यावर स्पोक ताणून घ्या आणि एक्सल नट पुन्हा बघा. पहिले स्पोक तुटतात ते बहुधा ही फेरी टाळल्यामुळे. मिड-ड्राइव्ह असेल तर चेन तपासायचं छोटं माप घेऊन ठेवा: ११-१२ गिअरच्या चेनला ०.५ टक्के ताण दिसला की बदला, थांबलात तर कॅसेटही बदलावी लागेल.

घाटातून आल्या आल्या बॅटरी चार्जला लावू नका, हाताला थंड लागू द्या. झोपताना, दाराजवळ किंवा जिन्यात चार्जिंग नको. आग लागलीच तर बाहेर पडायची वाट तीच असते. पावसाळ्यात सायकल महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी अर्ध्यावर ठेवून घरात, कोरड्या जागी. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवणं दोन्ही वाईट.

गाड्या धुणाऱ्या सेंटरवर प्रेशरच्या पाइपाने सायकल धुवून घेऊ नका. तो फवारा हब, डिस्प्ले आणि कनेक्टरच्या रबरामधून आत जातो आणि बिघाड दोन आठवड्यांनी, गंज चढल्यावर दिसतो. बॅटरी काढा, तिची जागा कोरड्या कापडाने झाका, बादलीभर पाणी आणि ब्रशने चिखल काढा, चेन पुसून तेल द्या. बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवट थर दिसला तर तो पुसून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय बॅटरी परत बसवू नका.